पोस्टवर लाइक पडतात, चौकशी येत नाही: नेमकं अडतंय कुठे?

सांधाजोड:

नमस्कार. जुन्या लाकडी फर्निचरची दुरुस्ती, पॉलिश आणि कुशन बदलून देणं हा व्यवसाय आहे. काम करणारे दोघे. प्रसिद्धीची आजची स्थिती अशी:

इन्स्टाग्राम आणि फेसबुक पेज सुरू होऊन पाच महिने झाले. दिवसाआड एक पोस्ट जाते. निम्म्या पोस्ट झालेल्या कामाच्या फोटोंच्या, निम्म्या तयार टेम्प्लेटवरच्या शुभेच्छा आणि सुविचार. तीन पोस्ट पैसे भरून बूस्ट केल्या. लाइक वाढले, फोन वाढले नाहीत. व्हॉट्सॲप खाजगी नंबरावरच आहे. गूगलच्या नकाशावर नोंद केली, पण पडताळणी अर्धवट राहिली. वेबसाइट नाही. कामं येतात ती जवळजवळ सगळी ओळखीतून.

या सगळ्यासाठी आठवड्याला चार-पाच तास काढता येतात. म्हणून विचारायचं आहे:

१. यूट्यूब वगैरे आणखी ठिकाणी खाती उघडावीत का?
२. जाहिरातीवर किती खर्च करावा हे ठरवायची काही रीत आहे का?
३. पॉलिश केलेल्या लाकडाचे फोटो नीट येत नाहीत, चमक मारते. काय करावं?
४. महिन्याचे ठरावीक पैसे घेऊन सगळं सांभाळणाऱ्या एजन्सीकडे काम द्यावं का?

मोजपट्टी:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नको, इतक्यात नको. खुर्चीचा पाय निखळला की माणूस काय करतो ते पाहा. तो इन्स्टाग्राम चाळत बसत नाही. ओळखीत विचारतो, नाहीतर गूगलवर "फर्निचर दुरुस्ती" असं टाकतो आणि नकाशात वर दिसणाऱ्या दोन-तीन जणांना फोन लावतो. ज्याला आज गरज आहे त्याच्या वाटेवर तुमची एकच पाटी आहे, आणि नेमकी तीच अर्धवट आहे. इन्स्टाग्रामचा उपयोग त्यानंतर होतो: नाव कळल्यावर "यांचं काम कसं असतं" हे बघायला लोक तिथे येतात. म्हणून तुमचे पहिल्या दोन आठवड्यांचे सगळे तास गूगल आणि व्हॉट्सॲप नीट बसवण्यात घाला.

गूगल बिझनेस प्रोफाइल (2021 पर्यंत याचंच नाव गूगल माय बिझनेस होतं) ही नोंद फुकट असते. हल्ली पडताळणीसाठी बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात आणि लोक तिथेच अडकतात. तो व्हिडिओ एकसंध हवा, मध्ये काटछाट चालत नाही, लांबी किमान 30 सेकंद. त्यात तीन गोष्टी दिसाव्या लागतात: जागा कुठे आहे (रस्ता, आजूबाजूच्या पाट्या), व्यवसाय खरोखर चालतो (हत्यारं, अर्धवट काम, नावाची पाटी), आणि तो तुमच्या ताब्यात आहे (कुलूप उघडणं, हत्यारांची पेटी उघडून वापरणं). बाहेरून चालत आत या, कुलूप उघडा, कामाचं टेबल दाखवा, एवढ्यात तिन्ही गोष्टी होतात. कुणाचे चेहरे किंवा ओळखपत्रांचे नंबर त्यात येऊ देऊ नका.

नावाच्या रकान्यात फक्त पाटीवरचं नाव लिहा. त्यापुढे "उत्तम फर्निचर दुरुस्ती आणि पॉलिश सेवा" असं शेपूट जोडलं की शोधात वर येऊ असं अनेकांना वाटतं. ते नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी नोंद निलंबित होते. ती सोडवून आणण्यात आठवडे जातात. काय काम करता ते सांगायची जागा म्हणजे वर्ग. मुख्य वर्ग एक आणि जोडवर्ग नऊपर्यंत निवडता येतात. दुरुस्ती हा मुख्य वर्ग ठेवा, कुशनकाम जोडवर्गात टाका. नऊच्या नऊ भरायचा हट्ट नको, जे काम खरंच करता तेवढेच निवडा. वर्णनाला 750 अक्षरांची मर्यादा आहे. ग्राहकाच्या घरी जाऊन काम करत असाल आणि लोक तुमच्याकडे येत नसतील तर पत्ता लपवा आणि सेवाक्षेत्र भरा. अशी 20 क्षेत्रं देता येतात, पण सगळी मिळून तुमच्या ठिकाणापासून गाडीने साधारण दोन तासांच्या आत असावीत.

नकाशातला क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो असं गूगलच सांगतं: शोधाशी नोंद किती जुळते, शोधणारा किती जवळ आहे आणि व्यवसाय किती परिचित आहे. अंतर तुमच्या हातात नाही. जुळणं हे वर्ग, सेवांची यादी आणि वर्णनातून येतं. परिचय वाढतो तो मुख्यतः अभिप्रायांतून आणि इतरत्र तुमचा उल्लेख असण्यातून. वेळा खऱ्या लिहा. बंद दाराशी एकदा परत गेलेला माणूस पुन्हा येत नाही, आणि सुट्टीच्या दिवसांची वेळ बदलायला एक मिनिट लागतं.

आता व्हॉट्सॲप. खाजगी नंबर व्यवसायासाठी वापरणं थांबवा. एक वेगळा नंबर घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. एकच नंबर दोन्ही ॲपवर एकाच वेळी चालत नाही, म्हणून हे आधीच ठरवा. मुख्य फोनखेरीज आणखी चार उपकरणं जोडता येतात, त्यामुळे दोघांनाही उत्तरं देता येतील.

स्वागत संदेश चालू करा. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, किंवा 14 दिवस काहीच बोलणं न झालेल्याला, तो आपोआप जातो. तिथे "संपर्क केल्याबद्दल धन्यवाद" एवढंच लिहून जागा वाया घालवू नका. असं लिहा:

"नमस्कार. वस्तूचे तीन फोटो पाठवा: समोरून, बाजूने, आणि मोडलंय तिथे जवळून. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये कळवा. मजला कितवा आणि लिफ्ट आहे का, तेही सांगा. उद्या संध्याकाळपर्यंत अंदाज देतो."

या एका संदेशाने पाच-सहा प्रश्नोत्तरांची फेरी वाचते, आणि गंभीर गिऱ्हाईक कोण हेही लगेच कळतं: तो फोटो पाठवतो. अंदाज मात्र सांगितलेल्या वेळेत गेलाच पाहिजे. चौकशी करणारा एकाच वेळी तीन ठिकाणी विचारत असतो.

झटपट उत्तरं 50 पर्यंत साठवता येतात, लेबलं 20. लेबलं चारच पुरेत: नवी चौकशी, अंदाज दिला, काम ठरलं, काम झालं. रोज सकाळी "अंदाज दिला" हे लेबल उघडा आणि तीन दिवस होऊन गेलेत त्यांना एकदाच विचारा. दुसऱ्यांदा नको. कॅटलॉगमध्ये 500 वस्तू मावतात, पण दुरुस्तीच्या धंद्यात आठ-दहा नोंदी बस झाल्या: "खुर्चीचा सैल सांधा", "टेबलाचा पृष्ठभाग नव्याने पॉलिश" अशा, प्रत्येकीत काय धरलंय आणि काय धरलेलं नाही हे स्पष्ट लिहून.

खिडकीपाशी:

तिसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहिते. पॉलिश केलेलं लाकूड आरशासारखं वागतं. जो उजेड त्यावर पडून सरळ कॅमेऱ्यात परततो तो पांढरा डाग होऊन दिसतो. उजेड कमी करून हे जात नाही, कोन बदलून जातं. वस्तू खिडकीजवळ आणा, पण खिडकी कॅमेऱ्याच्या मागे नको आणि वस्तूच्या मागेही नको, बाजूला हवी. खिडकीवर पांढरा पातळ पडदा किंवा चादर लावली की कडक डागाच्या जागी मऊ, पसरट चमक येते आणि पॉलिशचा कस त्यातच दिसतो. अंधारलेल्या बाजूला पांढरा थर्माकोलचा तुकडा उभा करा, तिथले बारकावे उजळतात. खोलीतले दिवे बंद. पिवळा दिवा आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आले की लाकूड अर्धं नारिंगी, अर्धं राखाडी दिसतं आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. फ्लॅश कधीच नको.

लेन्स सुती कापडाने पुसा. कारखान्यात भुश्याचा थर कायम बसतो आणि फोटो धुरकट येण्याचं हेच पहिलं कारण असतं.

फोन वस्तूच्या अगदी जवळ नेऊन काढलेल्या फोटोत खुर्चीचे पुढचे पाय जाड आणि मागचे बारीक दिसतात. दोन-तीन मीटर मागे जा आणि 2एक्स झूम वापरा. कॅमेऱ्याची उंची बैठकीच्या जरा वर, म्हणजे साधारण 60 ते 70 सेंटिमीटर. उभ्याने, डोक्याच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत प्रत्येक फर्निचर बुटकं दिसतं.

आधी-नंतरची जोडी हे तुमच्या धंद्याचं सगळ्यात भक्कम साधन आहे, आणि बहुतेक जण ती बिघडवतात: आधीचा फोटो अंधारात, नंतरचा उन्हात. बघणाऱ्याला ते लगेच जाणवतं आणि फरक उजेडाचा आहे की कामाचा, अशी शंका येते. जमिनीवर चिकटपट्टीने स्टँडच्या तीन पायांच्या आणि वस्तूच्या चार पायांच्या खुणा करून ठेवा. दोन्ही फोटो त्याच खुणांवर, दिवसाच्या साधारण त्याच वेळी. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात, ते करा. फोन रंगाचा समतोल आपोआप बदलतो, म्हणून चौकटीच्या एका कोपऱ्यात साधा पांढरा कागद ठेवून दोन्ही फोटो काढा. नंतर तो कागद दोन्हींत सारखा पांढरा दिसेल एवढीच दुरुस्ती करा आणि कोपरा कापून टाका. हा खटाटोप अनावश्यक वाटेल, पण पॉलिशचा रंग फोटोत एक आणि हातात दुसरा आला की भांडण ठरलेलं.

इन्स्टाग्रामच्या फीडसाठी 4:5 चा उभा आकार, 1080 बाय 1350. प्रोफाइलच्या चौकटी 2025 च्या सुरुवातीपासून 3:4 झाल्या आहेत, त्यामुळे जुन्या चौकोनी पोस्टच्या कडा आता तिथे कापलेल्या दिसतात. मजकूर किंवा वस्तूची टोकं कडेला भिडवू नका.

व्हिडिओचं सांगायचं तर 15 ते 30 सेकंद, सहा-सात तुकडे, 9:16 आकार, 1080 बाय 1920. सुरुवात बोधचिन्हाने करू नका. पहिल्या दोन सेकंदांत हलणारा, डगमगणारा सांधा दाखवा. ज्याच्या घरी तशी खुर्ची आहे तो थांबतो. मग जुना सरस खरवडणं, कोरड्या जोडणीत फट तपासणं, नवा गोंद, शिकंजा (क्लॅम्प), आणि पडद्यावर "24 तास शिकंज्यात". शेवटी त्याच खुर्चीवर पूर्ण वजनाने बसलेला माणूस. बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून प्रत्येक तुकड्यावर चार-पाच शब्द लिहा, पण मधल्या पट्ट्यात. रील जाहिरातींसाठी मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) वरचा 14 टक्के, खालचा 35 टक्के आणि दोन्ही कडांचा 6 टक्के भाग मोकळा ठेवायला सांगतं, कारण तिथे बटणं आणि नावं येतात. साध्या रीलसाठीही हेच माप धरा.

संगीताबाबत सावध राहा. व्यावसायिक खात्याला सगळी लोकप्रिय गाणी वापरायचा परवाना मिळत नाही. दुसरीकडून गाणं जोडून चढवलं तर आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच काढला जातो. मेटाचा साउंड कलेक्शन हा फुकट संग्रह आहे. पण रंध्याचा आणि पॉलिशपेपरचा खरा आवाज ठेवलात तर तो कुठल्याही गाण्यापेक्षा छान लागतो.

शुभेच्छा आणि सुविचारांच्या पोस्ट पूर्ण बंद करा. त्यांना लाइक देणारे ते चित्राला देतात, आणि ते तुमचे गिऱ्हाईक नसतात. पुढे तशाच लोकांना तुमच्या पोस्ट दाखवल्या जातात, कामाची पोस्ट त्यांच्यापुढे येते आणि ते पुढे सरकतात.

त्याऐवजी विषय कुठून आणायचे? ग्राहक फोनवर जे विचारतात ते. पॉलिश आणि रंग यांत काय फरक? 120, 180, 240 असे वाढत्या नंबरचे कागद क्रमाने का मारायचे, एकदम 240 का नाही? पावसाळी हवेत ड्रॉवर का अडकतो? (लाकूड ओलावा शोषून आडव्या दिशेने फुगतं. अशा वेळी रंधा मारला तर हवा कोरडी झाल्यावर फट पडते.) कुठली दुरुस्ती करणं परवडत नाही? हा शेवटचा विषय जरूर घ्या. "ही खुर्ची दुरुस्त करू नका" असं स्पष्ट सांगणाऱ्या माणसावर लोकांचा भरवसा बसतो.

आठवड्याला दोन पोस्ट पुरेत. दिवसाआडच्या नादात टेम्प्लेट भरावे लागतात.

मोजपट्टी:

खिडकीपाशी, दोन पोस्ट पुरतात हे पटलं. एक जोड देतो: इन्स्टाग्रामवर मजकुरात टाकलेली लिंक दाबता येत नाही. लोक "खाली लिंक दिली आहे" असं लिहितात आणि ती कुणाच्याच कामाची नसते. दाबता येणाऱ्या लिंक प्रोफाइलवरच्या परिचयात (बायो) ठेवायच्या, तिथे पाच मावतात. पण तुम्ही एकच ठेवा, व्हॉट्सॲपची. परिचयाला 150 अक्षरं असतात: काय दुरुस्त करता, कुठल्या भागात, अंदाज कसा मिळतो, एवढंच लिहा. नावाचा रकाना शोधात धरला जातो आणि वापरनावापेक्षा वेगळा असतो, तिथे "फर्निचर दुरुस्ती" हे शब्द इन्स्टाग्रामवर चालतात. (गूगलवर नाही, वर सांगितलंच.) तीन पोस्ट वर टाचून ठेवता येतात: एक उत्तम आधी-नंतर, एक "काम कसं चालतं", एक "अंदाजासाठी काय पाठवायचं".

हिशेबवही:

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. बूस्टमध्ये पैसे का गेले ते आधी समजून घ्या. जाहिरात ज्या उद्दिष्टावर लावता, यंत्रणा नेमकी तशीच माणसं शोधते. पोस्टवरचा प्रतिसाद वाढव म्हटलं की ती दिसेल त्याला लाइक करणारे लोक शोधून आणते, आणि ते काम चोख करते. तुम्हाला हव्या होत्या चौकशा. बूस्ट करतानाही उद्दिष्ट बदलता येतं, पण घाईत ते आधीपासून निवडलेलं तसंच राहतं.

ॲड्स मॅनेजर (मेटाचं जाहिराती लावायचं पान) संगणकावर उघडा. तिथे सहा उद्दिष्टं आहेत: जागरूकता, रहदारी, प्रतिसाद, लीड (संभाव्य गिऱ्हाइकांची माहिती), ॲप प्रसार, विक्री. तुम्ही प्रतिसाद निवडा आणि त्याच्या आत रूपांतराची जागा म्हणून मेसेजिंग ॲप, त्यात व्हॉट्सॲप, आणि कामगिरीचं ध्येय "जास्तीत जास्त संभाषणं". हा आतला दुसरा टप्पा चुकला तर पुन्हा लाइकच येतील. आणि आयफोनच्या ॲपमधून बूस्ट करताना ॲपलचं 30 टक्के सेवाशुल्क वर लागू शकतं. ब्राउझरमधून केलं की ते टळतं.

किती खर्च करायचा ते उलट बाजूने मोजा. सरासरी काम 100 चं धरू. सामान, मजुरी, वाहतूक मिळून 60 जातात, हातात 40 राहतात. नवं गिऱ्हाईक मिळवायला त्यातले निम्मे, म्हणजे 20 द्यायची तयारी ठेवली. पाच चौकशांतून एक काम ठरत असेल तर एका चौकशीला जास्तीत जास्त 4 देता येतात. हा तुमचा आकडा. तुमचं खरं गुणोत्तर पाचात एक आहे की दहात एक, ते वहीतूनच कळेल. दहात एक असेल तर आकडा 2 वर येतो आणि तीच जाहिरात तोट्यात जाते. म्हणून आधी फुकटच्या वाटेने आलेल्या 20-30 चौकशा लिहून काढा, मग जाहिरात लावा. वहीत सहा रकाने: तारीख, कुठून आले, वस्तू, दिलेला अंदाज, काम ठरलं की नाही, नसेल तर कारण. शेवटचा रकाना कंटाळवाणा आहे, तरी भरा. "महाग वाटलं" आणि "उत्तर उशिरा मिळालं" या दोन कारणांवरचे इलाज अगदी वेगळे आहेत.

कुठून आले हे कळण्यासाठी प्रत्येक ठिकाणी वेगळी व्हॉट्सॲप लिंक द्या. व्हॉट्सॲपच्या छोट्या लिंकमध्ये (wa.me) नंबराच्या पुढे आधीच लिहिलेला मजकूर जोडता येतो. नंबर देशाच्या कोडसह लिहायचा, अधिकचं चिन्ह, सुरुवातीची शून्यं आणि मधल्या रेघा काढून. गूगलवरच्या लिंकमध्ये "दुरुस्तीचा अंदाज हवा आहे", इन्स्टाग्रामवर "दुरुस्तीबद्दल विचारायचं होतं", छापील कार्डावरच्या क्यूआरमध्ये तिसरंच काही. पहिल्या ओळीवरून वाट ओळखू येते, विचारावं लागत नाही. काही जण मजकूर पुसून स्वतःचं लिहितात, तेवढं सोडून द्या.

आता चाचणी. एकच मोहीम, एकच जाहिरातसंच, त्यात दोन किंवा तीन वेगळ्या जाहिराती: एक व्हिडिओ, एक आधी-नंतरची जोडी. ठिकाण निवडताना नकाशावर पिन टाकून तेवढीच त्रिज्या घ्या जिथवर गाडी पाठवणं परवडतं. वय आणि आवडीनिवडी हल्ली बऱ्याचदा नुसत्या सूचना म्हणून धरल्या जातात. ठिकाणाची मर्यादा मात्र पाळली जाते, म्हणून ती अचूक लावा. आवडीनिवडींचे दहा बारीक गट करण्यात वेळ घालवू नका. गाळणी जाहिरातीतच असू द्या: "लाकडी फर्निचर. प्लायवूड आणि प्लास्टिकचं काम करत नाही." ज्याला लागू नाही तो दाबत नाही आणि तुमचा पैसा वाचतो.

मेटाची यंत्रणा नवीन जाहिरातसंचाला शिकण्याचा काळ देते, आणि तो साधारण 50 निकाल एका आठवड्यात मिळाल्यावर संपतो. लहान व्यवसायाला तेवढे मिळत नाहीत. त्याने जाहिरात बंद पडत नाही, फक्त चढउतार जास्त राहतात. पण पैसे पाच संचांत वाटले तर पाचही अर्धशिक्षित राहतात. रोज थोडं थोडं बदलणं हीसुद्धा तीच चूक: चित्र, प्रेक्षक किंवा ध्येय बदललं की शिकणं पहिल्यापासून सुरू. सात दिवस हात लावू नका. एखाद्या दिवशी ठरवल्यापेक्षा जास्त खर्च झाला तर घाबरू नका. आठवड्याची बेरीज रोजच्या रकमेच्या सातपटीत राहते.

हात लावू नका याला एकच अपवाद. चौकशीमागे 4 हा आकडा असताना 12 खर्च होऊन एकही चौकशी आली नाही, तर थांबवा. तुमच्या दराने तोवर तीन यायला हव्या होत्या. निव्वळ दुर्दैवाने शून्य येण्याची शक्यता 20 त 1 इतकीच उरते. थांबवण्याआधी मात्र लिंक स्वतः दाबून पाहा. चुकलेला नंबर हे कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं.

ॲड्स मॅनेजरमधला वारंवारता हा रकानाही बघा. छोट्या त्रिज्येत तेच लोक तीच जाहिरात पुन्हा पुन्हा पाहतात. आकडा वाढत चाललाय आणि चौकशीचा दरही चढतोय असं दिसलं की चित्र बदला, प्रेक्षक नको. तुमच्या धंद्यात हे वरचेवर होणार. आणि हातात शिकंजे जितके आहेत तितकीच कामं महिन्याला होतात. तीन आठवड्यांचं काम साठलं की जाहिरात बंद ठेवा, नाहीतर पैसे देऊन लोकांना ताटकळत ठेवल्यासारखं होतं.

सांधाजोड:

सगळ्यांचे मनापासून आभार, खूप उपयोगाचं मिळालं. दोन गोष्टी राहिल्या. अभिप्राय मागायचे कसे? पुढच्या कामात सूट देऊन मागितले तर चालेल का? वाईट अभिप्राय आला तर? आणि जुन्या ग्राहकांना व्हॉट्सॲपवरून एकदम संदेश पाठवावा का?

मोजपट्टी:

सूट देऊन नको. अभिप्रायाच्या बदल्यात काहीही देणं गूगलच्या नियमांत बसत नाही. "समाधानी असाल तर इथे लिहा, नसाल तर आम्हाला कळवा" अशी चाळणी लावणंसुद्धा मनाई आहे. सरळ सगळ्यांना मागा. प्रोफाइलमध्येच अभिप्रायाची लिंक आणि क्यूआर मिळतो. लिंक काम पोचवल्याच्या दुसऱ्या दिवशी पाठवा, त्या वस्तूच्या आधी-नंतरच्या फोटोसह. फोटो हाती आला की माणसाला लिहायला विषय मिळतो. "काय दुरुस्त केलं आणि किती दिवस लागले ते लिहिलंत तर नवीन लोकांना कळेल" एवढी विनंती पुरे. एका दिवशी पन्नास जुन्या ग्राहकांना मागू नका. एकदम आलेली रांग संशयास्पद ठरून अभिप्राय गाळले जाऊ शकतात. आठवड्याला दोन-तीन बरे.

वाईट अभिप्रायाला एका दिवसात उत्तर द्या, चार वाक्यांपुढे जाऊ नका: काय बिघडलं ते त्यांच्याच शब्दांत, तुम्ही काय तपासलं, काय करून देणार, कुठल्या नंबरावर बोलायचं. ग्राहकाच्या घरचा तपशील किंवा बिलाची रक्कम तिथे काढू नका. ते उत्तर लिहिणाऱ्यापेक्षा पुढे वाचणाऱ्यांसाठी असतं. खोटा किंवा शिवीगाळ करणारा असेल तर नियमभंग म्हणून तक्रार नोंदवता येते; नुसता कडवट असेल तर तो राहतोच.

एकदम संदेशासाठी ब्रॉडकास्ट यादी आहे, एका यादीत 256 जण. तो संदेश फक्त ज्यांनी तुमचा नंबर साठवून ठेवलाय त्यांनाच पोचतो. पाठवणाऱ्याला वाटतं दोनशे जणांना गेला, प्रत्यक्षात चाळीस जणांना मिळालेला असतो. म्हणून काम देताना नंबर साठवायला सांगा, वॉरंटीच्या कार्डावर लिहा. ग्राहकांचा ग्रुप काढू नका, प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. ज्यांनी हो म्हटलं त्यांनाच पाठवा, दोन-तीन महिन्यांतून एकदा, आणि त्यात कामाचं काही असू द्या: पावसाळ्याआधी पॉलिशवर मेण कसं लावायचं, असं. अनेकांनी ब्लॉक किंवा तक्रार केली तर नंबरच बंद होऊ शकतो.

कुलूपकिल्ली:

चौथा प्रश्न राहून गेला म्हणून लिहिते. एजन्सीला काम द्यायचं तर द्या, पण सगळ्याच्या किल्ल्या तुमच्या नावावर राहू द्या. फेसबुक पेज, इन्स्टाग्राम आणि जाहिरात खातं तुमच्या स्वतःच्या बिझनेस पोर्टफोलिओत (मेटावर व्यवसायाची सगळी खाती एकत्र ठेवायची जागा) असावं. एजन्सीला भागीदार म्हणून प्रवेश द्यायचा. गूगल प्रोफाइलचे मुख्य मालक तुम्ही, ते व्यवस्थापक. पासवर्ड कुणालाही सांगू नका, त्याची गरजच पडत नाही. जाहिरात खातं एजन्सीच्या नावावर असलं तर करार संपल्यावर आधीच्या सगळ्या जाहिरातींचे आकडे त्यांच्याकडेच राहतात.

तुमच्या कामाचे फोटो ऑफिसात बसून कुणी काढू शकत नाही. त्यामुळे "महिन्याला बारा पोस्ट" असा करार म्हणजे पुन्हा टेम्प्लेटच येणार. व्हिडिओची जुळवणी आणि जाहिरातीची मांडणी बाहेर द्या, चित्रण आणि उत्तरं तुमच्याकडे ठेवा. अहवालात चौकशांची संख्या आणि चौकशीमागे खर्च हे दोनच आकडे सगळ्यात वर मागा, आणि ते तुमच्या वहीशी जुळवून पाहा. जाहिरातीचा खर्च आणि एजन्सीची फी वेगवेगळी दाखवायला सांगा. "गूगलवर पहिला नंबर हमखास" म्हणणाऱ्याला तिथेच नाही म्हणा; गूगल स्वतःच सांगतं की अशी हमी कुणालाही देता येत नाही. फॉलोअर विकत घेऊन देतो म्हणणाऱ्यालाही तेच. ती खाती कधी काही विकत घेत नाहीत, आणि पुढे तुमच्या फॉलोअरसारखे लोक शोधायला यंत्रणेला सांगितलं तर ती त्यांच्यासारखेच शोधून आणते.

आजच करण्यासारखं: सगळ्या खात्यांना दुहेरी पडताळणी लावा, एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपने (फोनवरच कोड तयार करणारं ॲप). बॅकअप कोड कागदावर लिहून हत्यारांपासून लांब, कोरड्या जागी ठेवा. पेजवर तुमच्या दोघांचाही पूर्ण ताबा हवा, म्हणजे एकाचं खातं अडकलं तर दुसरा ते सोडवू शकतो. "तुमच्या पेजने स्वामित्वहक्काचा भंग केला आहे, 24 तासांत इथे दाबा" असे संदेश मेसेंजरवर येतील, कधी कंपनीच्या बोधचिन्हासकट. खरी सूचना खात्याच्या सपोर्ट इनबॉक्समध्ये दिसते. तिथे काही नसेल तर तो संदेश न उघडता पुसून टाका.

सांधाजोड:

गूगलची पडताळणी आज पुन्हा सुरू करतो आहे आणि वहीचे सहा रकाने आखले आहेत. स्वागत संदेश मोजपट्टींनी दिलाय तसाच घेतो, फक्त "आतून वाळवीची भुकटी पडते का" एवढा प्रश्न वाढवतो. तेच काम अंदाजात नेहमी निसटतं.